‘हैदराबाद’ नावाचे स्पिटफायर आणि वऱ्हाड

दुसऱ्या महायुद्धातील ‘स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती जोडणाऱ्या छांदिष्टांना ‘१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन’ हे नाव परिचित असते. विमान इंग्लंडचे, वैमानिक प्रामुख्याने ब्रिटिश, आणि नाव मात्र निजामाच्या राज्याचे. या नावाचा एक धागा बुलडाणा जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो, ही बाब फारशी चर्चिली गेलेली नाही.

स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. आर. जे. मिचेल यांनी आखलेल्या या विमानाची लंबवर्तुळाकार पंखांची ओळख आजही कायम आहे. सर्व प्रकार मिळून वीस हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. १९४० मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या कारकिर्दीत ‘स्पिटफायर फंडा’ची कल्पना रूढ झाली आणि एका विमानाची किंमत ५,००० पौंड असे ठरले. प्रत्यक्ष खर्च त्याहून अधिक होता. पण ही गोल रक्कम लोकांना लक्षात ठेवण्यास सोपी होती. रुपयाचा दर तेव्हा दीड शिलिंग असल्याने हे मूल्य सुमारे ६६,६६६ रुपये होते. देणगीदारांची नावे स्क्वाड्रनना मिळाली. १५२ व २५३ या दोन स्क्वाड्रनना हैदराबादचे, १२४ ला बडोद्याचे, तर १३२ ला मुंबई शहराचे नाव होते. निजामाची ही पहिली देणगीही नव्हती. पहिल्या महायुद्धात ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमाने त्याच्याच देणगीतून आली होती.

वऱ्हाडचा संबंध येतो तो येथे. बुलडाण्यासह वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती असला, तरी प्रांतावरील नाममात्र सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. मोबदला वार्षिक २५ लाख रुपये. १९३६ च्या करारानंतर निजामाला ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ ही उपाधी आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे मलकापूर, खामगाव, मेहकरचा कास्तकार सारा भरत होता तो मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारकडे, आणि त्या प्रांताच्या नावे हैदराबादला दरवर्षी ठरीव रक्कम जात होती. फंडाच्या हिशेबाने ही एका वर्षाची रक्कम सदतीस स्पिटफायरांइतकी भरते. तीच रक्कम विमानांवर खर्च झाली असे म्हणण्यास आधार नाही, पण आकडा बोलका आहे. स्क्वाड्रनच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण आले, ब्रीदवाक्य त्याच्या ‘विश्वासू मित्र’ या पदवीवरून घेतले गेले. वऱ्हाडचे नाव मात्र कोठेच नाही.

१५२ स्क्वाड्रन १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये दक्षिण इंग्लंडमधील वॉर्मवेल येथून लढले. पुढे ते उत्तर आफ्रिका व इटलीमार्गे १९४३ च्या अखेरीस भारतात आले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व इंफाळच्या लढाईत सहभागी झाले.

प्रतिकृती करणाऱ्यास हा प्रवास ठाऊक असणे आवश्यक ठरते, कारण दोन्ही टप्प्यांतील विमाने एकसारखी नाहीत. इंग्लंडमधले विमान ‘मार्क-१’ : तीन पात्यांचा पंखा, पंखांत आठ मशीनगन, उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर तर डाव्याखाली तेल थंड करणारा छोटा कूलर. ब्रह्मदेशातले ‘मार्क-८’ : चार पाती, लांबट नाक, आत ओढले जाणारे शेपटीचे चाक आणि दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर. एकाचा संच आणून दुसऱ्याची चिन्हे चिकटविली, तर जाणकाराच्या नजरेतून ती चूक सुटत नाही. पहिल्यावर गडद हिरवा व मातकट तपकिरी रंग, खालून फिकट आकाशी-हिरवट छटा. दुसऱ्याच्या वर्तुळाकार चिन्हातील लाल ठिपका गायब, कारण जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी गल्लत झाल्यास आपल्याच तोफा आपल्या विमानावर चालण्याचा धोका होता. याच विमानांवर चिन्हावरून झेप घेणारा काळा बिबट्या रंगविला जाई. पाण्यात भिजवून बसवायच्या डिकॅलमध्ये तो अखंड उतरवणे हे कौशल्याचे काम. घाई केली की शेपूट तुटते.

सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. त्यात ११.२३ मीटरचा पंखविस्तार १५६ मिलिमीटरवर येतो. १:४८ मध्ये तोच २३४ मिलिमीटर होतो. जागा व डोळे या दोहोंच्या दृष्टीने नवशिक्यास हे प्रमाण सोयीचे.

या छंदाचा प्रसार मुख्यतः ‘एअरफिक्स’ कंपनीने केला. निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताने १९३९ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी आरंभी फुगवायची रबरी खेळणी विकत असे. तिने बाजारात आणलेले पहिले विमान स्पिटफायरच होते. त्यावरील ‘बीटीके’ ही अक्षरे मात्र चुकीची निघाली, कारण तो संच ऑरोरा या अमेरिकी कंपनीच्या संचाबरहुकूम केला होता. कंपनीला लवकरच स्पिटफायरचा नवा साचा करावा लागला. २००६ मध्ये एअरफिक्स हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीकडे गेली.