फाट्यावरून मागे येण्याची सोय

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते एकत्र येतात. गेल्या दिवाळीत गावाकडे जाताना मी आणि माझी मामेबहीण तिथल्या एका हॉटेलात खिचडी खात बसलो होतो. ताई मृदाशास्त्रात पीएच.डी. करते, विषय हळदीच्या शेतातली माती. तिनं लॅपटॉप उघडला. आत तीन फायली होत्या: 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल सरांनी बघितलेली'. तिन्हींत एकाच वाफ्याचे आकडे वेगवेगळे. ते कधी बदलले आणि का, हे तिलाच आठवत नव्हतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लगेच गिटचं पुराण लावलं. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं. प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, हे त्यात नोंदलं जातं, आणि का केला ते आपण दोन ओळींत लिहायचं. "हा फाटाच समज ना ताई. मुख्य रस्ता सोडून प्रयोग करून बघायचा, नाही जमला तर मागं यायचं."

"ते तुमच्या कंपनीत चालतं," ताई म्हणाली. "माझ्या सगळ्या चुका सरांना दिसतील की रे!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पुढे पुण्यात सापडलं, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या इतिहासात.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं हे काम १९१९ मध्ये सुरू केलं. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. ते केंब्रिजला गणित शिकलेले, नंतर बर्लिनमध्ये संस्कृतात डॉक्टरेट केलेले. समोर देशभरातल्या, वेगवेगळ्या लिप्यांमधल्या पोथ्या. शतकानुशतकं लेखनिकांनी नकला करताना शब्द बदलले, श्लोक घातले, गाळले. पण कोणी काय बदललं याची नोंद नाही. थोडक्यात, ताईचीच अडचण, फक्त फायली हजारावर.

सुकथनकरांनी चौकोन आखलेले कागद वापरले. वर एका श्लोकाची अक्षरं सुटी सुटी मांडायची आणि खाली प्रत्येक पोथीत जिथे फरक असेल तिथे तेवढाच लिहायचा. आज गिट दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवतं, तेच काम इथे हातानं चाललं होतं. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं. १९४३ मध्ये सुकथनकर गेले. काम पुढे बेलवलकर आणि वैद्यांनी नेलं, ते १९६६ मध्ये संपलं. १,२५९ पोथ्या, ४७ वर्षं.

मला खरी भावली ती वगळण्याची पद्धत. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात ती नाही, पण पुसलेलीही नाही. ती परिशिष्टात आहे. नाकारलेले पाठभेद पानाच्या तळाशी आहेत. मुख्य पाठातही जिथे संपादकाला खात्री नाही, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. कुणाला निर्णय पटला नाही, तर पुरावा त्याच पानावर आहे. एवढ्या मोठ्या विद्वानाला आपली शंका छापायला कमीपणा वाटला नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या जेफ्री चँग यांना २००६ मध्ये कळलं, की आपल्या प्रयोगशाळेतल्या एका छोट्या प्रोग्रॅमनं आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. नुसत्या गिटनं ती चूक टळली असती असं मी म्हणणार नाही. पण प्रोग्रॅम कुठून आला, त्यात काय बदललं आणि कोणता निकाल त्यातून निघाला, हे नोंदलेलं असेल तर चूक शोधायला जागा तरी असते.

मी ताईला फोन करून सुकथनकरांची गोष्ट सांगितली. कमांड एकही सांगितली नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे चूक झाकायची नाही, खाली लिहायची."

पुढच्या रविवारी आम्ही तिची एक्सेल फाईल साध्या सीएसव्हीत बदलली, कारण गिटला एक्सेलमधला फरक नीट दाखवता येत नाही. मग बटणं दाबून चालणारं एक ॲप टाकून दिलं. तिनं स्वतः लिहिलेली पहिली नोंद अशी होती: 'वाफा ७ वगळला. पाणी साचलं होतं. जुने आकडे मागच्या नोंदीत आहेत.'

ती नोंद तिनं स्वतःहून सरांना पाठवली.