अडलेली पुंगळी

दिवाळीच्या अंकात बंदुकीवर लेख पाहून वाचक थोडे चमकतील. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असेही एखादी माउली म्हणेल. पण दारूचा आणि या सणाचा संबंध काही नवा नाही. भुईनळा फुलतो तेव्हा आपण सगळे वर, झाडाकडे पाहत असतो. तो विझल्यावर मातीच्या कोठीत जी काळी काजळी उरते तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आज मी त्या काजळीची हकिकत सांगणार आहे. तिच्यापायी एका बलाढ्य देशाची कितीतरी तरुण मुले रणांगणावर निःशस्त्र झाली, आणि दोष प्रथम त्या मुलांनाच दिला गेला.

हकिकत कळायला थोडी यंत्रविद्या हवी. पण ती स्वयंपाकघरातल्या विद्येहून अवघड नाही. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर शिपायाला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागे. स्वयंभरणी रायफलीत हे काम दारूचा वायूच करतो. गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूचा थोडा अंश बोल्टला मागे ढकलतो. बोल्टच्या तोंडाशी असलेला लहानसा आकडा रिकामी पितळी पुंगळी काठाला धरून ओढतो. ती बाहेर फेकली जाते. आणि स्प्रिंगच्या जोराने परतणारा बोल्ट मॅगझिनमधले नवे काडतूस उचलून नळीच्या मुळाशी असलेल्या घरात बसवतो. शिपायाने फक्त चाप ओढायचा. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपते.

बार उडाला की त्या दाबाने पितळी पुंगळी फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटते. दाब ओसरला की ती किंचित आकसते आणि भिंत सोडते. तो क्षण साधून आकड्याने तिला ओढायचे असते. उकडीचे मोदक साच्यात करणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. साच्याला तुपाचा हात लावायचा राहिला, किंवा घाईने साचा उघडला, तर मोदक साच्यातच राहतो आणि नुसते नाक हातात येते. रायफलीतही तेच. घराची भिंत गंजलेली असली, किंवा आकड्याने घाई केली, तर काठ तुटतो वा आकडा निसटतो. पुंगळी आतच राहते, आणि मागून येणारे नवे काडतूस तिच्यावर जाऊन आदळते. ओढण्यातला बिघाड असा भरण्यातला बिघाड होतो. समोर शत्रू असेल तर याहून वाईट वेळ नाही.

हा बिघाड कसा शोधावा याची दोन उदाहरणे एकाच देशाच्या इतिहासात, तीस वर्षांच्या आत सापडतात.

पहिले जॉन गॅरंडचे. हा मूळचा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला. १८८८ सालचा जन्म. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत त्याने १९१९ पासून १९५३ पर्यंत नोकरी केली. त्याने रचलेली एम-१ रायफल १९३६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारली. साऱ्या पायदळाला स्वयंभरणी रायफल देणारे ते पहिले मोठे सैन्य. या रायफलीत आठ काडतुसांचा एक जुडगा एकदम भरत. कारखान्यातून रायफली मोठ्या संख्येने निघू लागल्या तशी एक विचित्र तक्रार येऊ लागली. सहा काडतुसे सुरळीत उडायची आणि नेमके सातवे अडायचे.

मी पडलो शाळामास्तर. एका मुलाचे गणित चुकले तर तो मुलाचा दोष असेल. पण वर्गातल्या चाळीस मुलांचे गणित एकाच पायरीवर चुकले, तर शहाण्या मास्तराने आधी फळ्याकडे पाहावे. स्प्रिंगफील्डच्या मंडळींनी तेच केले. सगळीकडे सातवेच काडतूस अडते, तेव्हा शिपायाचा हात याला कारण नसणार, हे उघड होते. शोध घेता असे दिसले की रायफलीच्या धडात काडतुसाला वाट दाखवणारी एक बारीकशी कड होती. नमुन्याच्या रायफली निष्णात कारागिरांनी घडवल्या तेव्हा ती शाबूत होती; मोठ्या उत्पादनासाठी बसवलेल्या नव्या हत्यारांनी ती जरा जास्त कापली जात होती. कापणी सुधारली आणि सातवे काडतूस निमूटपणे घरात जाऊ लागले. पुढे महायुद्धात अशा चाळीस लाखांवर रायफली निघाल्या. गॅरंडला आपल्या शोधाचे मानधन म्हणून वेगळी कवडीही मिळाली नाही. पेटंटचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावे असा ठराव काँग्रेसपुढे आला, तो काही मंजूर झाला नाही.

दुसरे उदाहरण एवढे सुखान्त नाही.

१९५० नंतरच्या दशकात युजीन स्टोनर नावाच्या अमेरिकन रचनाकाराने एक हलकी रायफल घडवली. लाकडाऐवजी प्लॅस्टिक, धडाला अॅल्युमिनियम, वजन सुमारे तीन किलो, गोळी लहान पण विलक्षण वेगाची. तिच्यातून एकेक गोळीही झाडता येई आणि सरही सोडता येई. हिचेच पुढे एम-१६ असे बारसे झाले. १९६३ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने एक लाखावर रायफलींची मागणी कोल्ट कंपनीकडे नोंदवली. स्टोनरने बोल्टचा वेग, स्प्रिंगचा ताण आणि वायूचा जोर हे सारे एका विशिष्ट दारूशी जमवून घेतले होते. ती दारू बारीक दाण्यांच्या तुकड्यांची होती.

पण सैन्याच्या कागदावर गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट असा लिहिला गेला होता. ठरलेल्या दाबाच्या मर्यादेत तो वेग साधणे त्या दारूला जड जाऊ लागले. वेगाचा आकडा थोडा खाली आणता आला असता. त्याऐवजी १९६४ साली दारूच बदलली. नवी दारू गोल मण्यांची. तिने वेग दिला; पण तिच्या ज्वलनाची तऱ्हा निराळी होती. वायू बोल्टपर्यंत पोचे तेव्हा त्याचा दाब अधिक असे. बोल्ट अधिक जोराने मागे येई, पुंगळीने भिंत सोडण्याच्या आतच आकडा तिला हिसका देई. सर सोडताना मिनिटाला आठशेच्या आसपास असलेली गती हजाराकडे झुकू लागली. शिवाय तिची काजळीही जास्त. आणि या रचनेत वायू सरळ बोल्टच्या गाभ्यातच शिरत असल्याने ती काजळी नेमकी तिथेच साचे.

कोल्ट कंपनीने सरकारला कळवले की नव्या दारूने आमच्या रायफली तपासणीत उतरण्याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. यावर निघालेला तोडगा ऐकून हसावे की रडावे कळत नाही. कारखान्यातली तपासणी जुन्याच दारूने करायला परवानगी मिळाली. तपासणीत रायफली उत्तीर्ण होऊ लागल्या, आणि व्हिएतनामच्या जंगलात मात्र शिपायांच्या हाती नव्या दारूची काडतुसे जात राहिली. प्रश्नपत्रिका एक आणि परीक्षा दुसरीच!

आणखी दोन गोष्टींची भर पडली. एम-१४ या आधीच्या रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता. दमट प्रदेशात लोखंड किती लवकर गंजते हे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर कळून चुकले होते. नव्या रायफलीला तो मुलामा दिलाच नाही. आणि ही रायफल साफ करण्याची फारशी गरजच नाही, अशी समजूत सैन्यात पसरली. तिच्याबरोबर सफाईचे गज, कुंचले आणि तेल पुरेसे गेले नाही.

नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात झालेल्या लढाईनंतर या रायफलीची तारीफ झाली होती, आणि मग ती भराभर वाटली गेली. १९६६ पासून तक्रारी वाढल्या. १९६७ च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिक ती नुकतीच हाती आलेली रायफल घेऊन लढले. पुंगळी अडली की नळीच्या तोंडातून गज घालून ती ठोकून काढायची, हाच उपाय. त्यासाठी शिपाई सफाईचा गज रायफलीला चिकटपट्टीने बांधून ठेवत. जी रायफल शत्रूच्या दिशेने सेकंदात कितीतरी गोळ्या झाडायची, ती आजोबांच्या काळच्या ठासणीच्या बंदुकीसारखी वापरायची पाळी आली!

वरून उत्तर आले, की मुले रायफल साफ ठेवत नाहीत. यात सत्याचा अंश होता, आणि म्हणूनच ते उत्तर घातक होते. पूर्ण खोटे कारण फार काळ टिकत नाही. अर्धे खरे कारण मिळाले की मात्र पुढचा शोधच थांबतो. साफ ठेवलेल्या रायफलीही अडत होत्या. ज्यांच्या साफ नव्हत्या, त्यांना सफाईचे सामान कोणी दिले होते?

अखेर एका मरीनने घरी लिहिलेले पत्र वर्तमानपत्रात छापले गेले आणि अमेरिकन काँग्रेसमध्येही वाचले गेले. आपल्या मेलेल्या साथीदारांपैकी बहुतेकांच्या शेजारी त्यांची रायफल उघडलेल्या अवस्थेत सापडली, असे त्याने लिहिले होते. मे १९६७ मध्ये मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीचे सदस्य व्हिएतनामला जाऊन आले. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला. दारू बदलल्याने काय घडते आहे हे ठाऊक असूनही ती चूक दुरुस्त न करणे ही हयगय गुन्ह्याच्या जवळ जाते, अशा अर्थाचे कडक शब्द त्यात होते.

दुरुस्त्या सुरू झाल्या होत्या, त्यांना आता वेग आला. काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा मिळाला. बोल्टची धाव मंदावणारा जड बफर बसला. दारूच्या घटकांत फरक केला गेला. सफाईचे सामान पोचले. १९६८ साली तर विल आयझनर या नामांकित चित्रकाराकडून रायफलीच्या निगेवर एक चित्रमय पुस्तिका काढून शिपायांना वाटली गेली. या उपायांत एकही असा नव्हता की जो आधी कोणाला सुचला नसता. आणि पुढे हीच रायफल, सुधारलेल्या रूपात, अमेरिकन सैन्यात अनेक दशके राहिली.

आपल्याकडच्या जुन्या जवानांना या ठिकाणी त्यांची एस.एल.आर. आठवेल. १९६२ साली आपले पायदळ हाताने बोल्ट ओढायच्या .३०३ रायफली घेऊनच हिमालयात उभे होते. त्यानंतर बेल्जियमच्या फाल रायफलीवर बेतलेली ही स्वयंभरणी रायफल ईशापूरच्या कारखान्यात होऊ लागली आणि पुढे कितीतरी वर्षे तिने सेवा केली. तिच्या नळीवर वायूचा जोर कमी-अधिक करणारे एक छोटे कडे असे. काजळी धरली, थंडीने तेल आळले, की जवानाने ते कडे फिरवून बोल्टला थोडा अधिक जोर द्यावा. बिघाड होणारच, आणि तो ओळखण्याइतकी अक्कल शिपायाला आहे, असे रचनाकाराने गृहीत धरले होते. मला त्या छोट्या कड्यात माणसावरचा मोठा विश्वास दिसतो.

यंत्र अडले की दोन प्रश्न विचारता येतात. काय बदलले? आणि कोणी चुकवले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला कष्ट पडतात, आणि कधी कधी ते उत्तर विचारणाऱ्याच्याच मेजावर सापडते. दुसऱ्याचे उत्तर चटकन मिळते, कारण ज्याच्या हातात यंत्र असते तो बहुधा दूर असतो आणि लहान असतो. स्प्रिंगफील्डमध्ये पहिला प्रश्न विचारला गेला. व्हिएतनामच्या बाबतीत तो विचारायला तीन वर्षे लागली. तोवर तो शोध त्या टेकड्यांवरच्या मुलांनी, चिखलात गुडघे टेकून, उघडलेली रायफल मांडीवर घेऊन आपापला चालवला होता. त्यांतल्या अनेकांना तो पुरा करायला वेळ मिळाला नाही.