दिवाडीची फेरीबोट

चारही बाजूंनीं पाण्यानें वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेली आहे. भूगोलाचें काम तेवढ्यावर भागतें. इतिहासाचें भागत नाहीं. पाणी किती रुंद आहे यापेक्षां तें ओलांडण्याचें साधन कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटतो. गोमंतकांतील दिवाडी बेट पाहून आल्यापासून हा विचार माझ्या मनांत घोळत आहे.

पणजीहून मांडवीच्या कांठानें वर गेलें कीं आधीं रायबंदर व मग जुनें गोवें लागतें. समोरच्या तीरावर भातशेतांमागें एक टेकडी व तिच्या माथ्यावर शुभ्र चर्च दिसतें. तें दिवाडी बेट. संस्कृतांत याचेंच नांव दीपवती. बेटाला जोडणारा पूल नाहीं. रायबंदर, जुनें गोवें आणि उत्तरेकडील नार्वे या तीन ठिकाणांहून फेरीबोट चालते. एके काळीं नावाड्याचें वल्हें होतें, आज यंत्र आहे आणि बोटींतून मोटारीहि पार होतात. पण धक्क्यावर उभें राहून वाट पाहणें कांहीं चुकलेलें नाहीं.

नार्वेच्या बाजूचें पाणी अवघ्या कांहीं मिनिटांत ओलांडतां येतें. पण या बेटाच्या इतिहासांत त्याच्याइतकें खोल पाणी दुसरें नाहीं. गोव्याच्या कदंब राजांचें कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर हें मूळचें दिवाडीचें. त्याचा वरप्रसाद लाभल्याचा उल्लेख कदंब राजे आपल्या नाण्यांवर अभिमानानें करीत. चौदाव्या शतकांत बहामनी स्वारींत तें देऊळ पडलें. विजयनगरचा अधिकारी माधवमंत्री यानें त्याची पुन्हा उभारणी केली. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें जिंकलें आणि १५४० च्या सुमारास देवालय पुन्हा उद्ध्वस्त झालें. लिंग मात्र भाविकांनीं पाण्यापलीकडे नेलें व डिचोली महालांतील नार्वे येथें त्याची स्थापना झाली. त्या तीरावर पोर्तुगीजांची सत्ता नव्हती, एवढेंच त्या देवाला अभय! पुढें शके १५९० मध्यें, म्हणजे इ. स. १६६८ सालीं, शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें तेथील देवालयाचें काम सुरू झालें. त्याची साक्ष देणारा शिलालेख आजहि तेथें आहे.

या घटनेचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. अठराव्या शतकांत डिचोली पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत हा चिंचोळा फांटा दोन राज्यांची सीमा होता. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. त्यानंतर एका तीरावर जें पुण्य तेंच दुसऱ्या तीरावर अपराध ठरूं लागलें. घरें इकडे आणि देव तिकडे, अशी कित्येक कुटुंबांची स्थिति झाली असेल. आज गोकुळाष्टमीला नार्वेच्या कांठीं पंचगंगेच्या स्नानाला लोक जमतात, तेव्हां समोरच्या तीराकडे पाहतांना ही जुनी फाटाफूट आठवल्यावांचून राहत नाहीं.

दक्षिणेच्या धक्क्याची कथा निराळी. जुन्या गोव्याच्या या घाटावरच विजरईची कमान उभी आहे. नवा विजरई जलमार्गानें येई व या कमानींतून राजधानींत प्रवेश करी. म्हणजे दिवाडीचा शेतकरी ज्या कांठावर उतरे, तो आशियांतील एका मोठ्या राजधानीचा दरवाजा होता. पण सत्तेला बेटाकडे जाण्याची निकड नव्हती. १६३४ च्या सुमारास रायबंदर ते पणजी असा सुमारें तीन किलोमीटरांचा दगडी बांध पुरा झाला. दिवाडीला तसा बांध कोणी घातला नाहीं. १८४३ सालीं पणजी अधिकृत राजधानी झाली, जुनें गोवें ओस पडलें, आणि दिवाडीची होडी एका निर्जन धक्क्यावर लागूं लागली.

आमच्या काळांतहि हा क्रम बदललेला नाहीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली. तिचा मार्ग मांडवी ओलांडून दिवाडीच्या भूमीवरूनच जातो. मात्र तेथें स्थानक नाहीं. मुंबईची गाडी बेटावरून धडधडत निघून जाते आणि बेटकरी ती गांठण्यासाठीं आधीं बोटीनें पलीकडे जातो! उलटपक्षीं, ५ जुलै १९८६ रोजीं पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हां त्या राजधानीलाहि फेरीबोटीचीच कांस धरावी लागली. जें दिवाडीच्या नित्याचें, तें पणजीला संकट वाटलें.

मी स्वतः परततांना मोठ्या प्रसन्न चित्तानें बोटींत बसलों होतों. शाळकरी मुलें, मासळीच्या टोपल्या, नोकरदार मंडळी, सर्व एकाच फळीवर. बोटीसाठीं थांबतां थांबतां सगळ्यांची एकमेकांशीं विचारपूस चाललेली. पूल नाहीं म्हणूनच ही शेतें व ही शांतता टिकली, असें मी शेजारच्या वृद्ध बाईंना म्हणालों. त्या हंसल्या. त्यांच्या कोंकणी बोलण्याचा आशय असा : "बाबा, तुम्ही दिवसा आलांत. माझ्या सुनेला मध्यरात्रीं कळा सुरू झाल्या, तेव्हां बोट पलीकडे होती. ती रात्र मीं या धक्क्यावर काढली आहे."

मी निरुत्तर झालों. सून व मूल सुखरूप आहेत, हें त्यांनींच पुढें सांगितलें, तेव्हां कोठें जिवांत जीव आला. पूल बांधला तर शहर आंत येईल व भातशेतें विकलीं जातील, ही भीति खोटी नाहीं. बेटावरहि ती बोलून दाखविणारे पुष्कळ आहेत. पण त्या शांततेची किंमत कोण देतो, हें माझ्यासारख्या दिवसाच्या पाहुण्यानें विसरूं नये. देव पलीकडे गेला, राजधानी पलीकडे गेली, गाडी वरून निघून गेली. यांपैकीं एकाहि वेळीं बेटकऱ्याला कोणी विचारलें नाहीं. निदान पुलाच्या बाबतींत तरी शेवटचा शब्द त्याचा असावा. आणि तोंवर रात्रीच्या वेळीं एक बोट दिवाडीच्या बाजूला बांधून ठेवावी, एवढें तरी करतां येण्यासारखें आहे.