बाळापूर: शहजादे राहिले, मग राजवाडा आणि बाग कुठे आहे?

अकोल्याहून खामगावकडे जाताना साधारण २५ किलोमीटरवर बाळापूर लागते. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर इथला विटांचा किल्ला उभा आहे. 'मोगल शहजाद्यांचे गाव' म्हणून फोटो पाहून इथे येणारे लोक आधी राजवाडा शोधतात. तिकीट काढून पाहावा असा राजवाडा किंवा कारंज्यांची बाग इथे नाही. पण शहजादे मात्र खरेच राहून गेले.

पहिला अकबराचा मुलगा मुराद. १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले आणि मुरादने बाळापूरजवळ शाहपूर वसवून तिथे मुक्काम केला. १५९९ मध्ये तो वारला. शाहपूर ही मुळात छावणी होती, सुभ्याचा कारभार आणि दक्षिणेची मोहीम सांभाळण्यासाठी वसवलेली. मालक गेला की अशा वस्तीची रया जायला वेळ लागत नाही.

दुसरा औरंगजेबाचा मुलगा आझमशाह. त्याने १७२१ मध्ये बाळापूरचा किल्ला बांधायला घेतला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले दिसते. पण आझमशाह जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत मारला गेला! सुरुवात त्याने केली असेल, तर ती त्याआधीची. १७५७ मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने किल्ला पूर्ण केला, असे सांगितले जाते. मधल्या काळात, १७२० च्या ऑगस्टमध्ये, बाळापूरजवळच निजामउल्मुल्कने आलमअली खानाचा पराभव करून दख्खनवर आपला जम बसवला. अशा जागी कारंज्यांपेक्षा बुरूज जास्त कामाचे.

आझमशाहच्या नावाची बाग पाहायचीच असेल, तर छत्रपती संभाजीनगरला जावे. त्याने आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी, बांधलेला बीबी का मकबरा चारबागेच्या मधोमध आहे. पाण्याच्या पाटांनी बागेचे चार भाग करायचे, ही मोगलांची पद्धत. अशी बाग टिकते ती रोजच्या पाण्यावर आणि माळ्याच्या पगारावर. भिंती दुर्लक्ष सोसतात, पाट आणि रोपे सोसत नाहीत. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा.

बाळापुरात राजेशाही हौसेची एक वास्तू मात्र शाबूत आहे, ती म्हणजे नदीकाठची काळ्या दगडाची छत्री. साधारण ३३ फूट उंच, चहूबाजूंनी मोकळी, नक्षीदार कमानींची. ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. शिवाजी महाराजांशी १६६५ चा पुरंदरचा तह करणारे तेच. 'छत्री' म्हटले की अनेकांना समाधी वाटते. पण जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला वारले. ही बसून वारा खाण्याची, नदी पाहण्याची जागा म्हणूनच पाहावी.

किल्ल्यात एकाच्या आत एक असे तीन दरवाजे आहेत, ते सावकाश पाहा. पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर आहे, गावाचे नाव तिच्यावरूनच आल्याचे सांगतात. पावसाळा संपताना ते जानेवारीपर्यंत जाणे उत्तम, नद्यांना पाणी असते आणि तटावरून संगमाचा परिसर हिरवा दिसतो. एप्रिल-मेमध्ये जायचेच झाले तर सकाळी दहाच्या आत पाहून घ्या.