म्हातारपणाची पुंजी आणि दोन देशांचे कायदे

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. परदेशात नोकरी करताना म्हातारपणासाठी साठवलेला पैसा आणि त्यावरचा कर. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं यात कशाला पडावं, असं तुम्ही म्हणाल. पण मला यात एक जुना प्रश्न दिसतो. राज्यसंस्था माणसाला वचन देते, आणि तो माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर त्या वचनाचं काय होतं? मी अमेरिका आणि भारत या दोनच देशांबद्दल बोलेन. आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे आहेत, आणि काही आता परत येताहेत.

सुरुवात अमेरिकेपासून करू. १९३५ साली तिथं सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. पगारातून कर कापायचा आणि म्हातारपणी दरमहा रक्कम द्यायची. त्याच्या जोडीला मोठ्या कंपन्यांची स्वतःची पेन्शन असे. ही दुसरी पेन्शन मात्र कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीनं साउथ बेंड इथला कारखाना बंद केला. पेन्शन फंडात पुरेसा पैसा नव्हता. चाळिशी-पन्नाशीतल्या सुमारे चार हजार कामगारांच्या हातात त्यांच्या हक्काच्या पेन्शनपैकी साधारण १५ टक्के मूल्य पडलं. आयुष्यभर राबल्यावर रुपयातले पंधरा पैसे! या प्रकरणाची चर्चा पुढे दहा वर्षं चालली आणि १९७४ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी पेन्शन संरक्षणाच्या कायद्यावर सही केली.

त्याच कायद्यानं वैयक्तिक निवृत्ती खातं, म्हणजे आयआरए, जन्माला घातलं. ज्यांना कंपनीची पेन्शन नाही त्यांच्यासाठी. मग १९७८ च्या महसूल कायद्यात ४०१(के) हे छोटं पोटकलम आलं. टेड बेन्ना नावाच्या सल्लागारानं १९८० मध्ये त्याचा असा अर्थ लावला की नोकरदारानं पगाराचा काही भाग कर लागण्याआधीच बाजूला टाकावा आणि मालकानं त्यात भर घालावी. १९८१ मध्ये करखात्याच्या नियमांनी त्याला वाट मोकळी करून दिली. पुढच्या पिढीत कंपनीच्या पेन्शनची जागा बहुतेक ठिकाणी या खात्यानं घेतली. म्हातारपणाची जोखीम कंपनीच्या खांद्यावरून माणसाच्या खांद्यावर आली.

या खात्याचा व्यवहार समजून घ्या. पैसा आत जाताना कर नाही, आत वाढताना कर नाही, बाहेर काढताना मात्र कर. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढला तर बहुतेक वेळा वर आणखी १० टक्के. १९९७ मध्ये सिनेटर रॉथ यांच्या नावाचं खातं आलं, ते याच्या उलट. आधी कर भरा, नंतर नियमानुसार काढलेल्या पैशावर काहीच नाही.

म्हणजे बघा, पहिल्या प्रकारात सरकार कर माफ करत नाहीये. ते उधारीवर ठेवतंय. ‘आज घेत नाही, म्हातारपणी घेईन.’ या वाक्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, की म्हातारपणीही तू इथंच असशील.

आता आपली माणसं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं अमेरिकेचं दार आशियातल्या लोकांना उघडलं. १९९० च्या कायद्यातून एच-वन-बी व्हिसा आला आणि त्यावर पुण्या-मुंबईचे किती इंजिनिअर गेले, हे तुम्हाला सांगायला नको. या व्हिसावरच्या माणसाच्या पगारातून पहिल्या दिवसापासून सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो. पेन्शन मिळायला चाळीस ‘क्रेडिट’ लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी. आणि ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू झाली नसेल तर या व्हिसाची मुदत साधारणपणे किती? सहा वर्षं. व्हिसा सहाचा, पेन्शन दहाची. काही देशांनी आपसांत करार करून दोन्हीकडच्या नोकरीची वर्षं एकत्र मोजायची सोय केली आहे. भारताचे असे करार बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स अशा देशांशी आहेत, अमेरिकेशी नाही. सहा वर्षं कर भरून परत आलेल्या माणसाला त्या पैशाची पेन्शन मिळत नाही.

उरतं ते ४०१(के). ते त्याच्या नावावर असतं, ते बुडत नाही. पण खरी गुंतागुंत इथंच सुरू होते.

आपल्या आयकर कायद्याचं तत्त्व असं की भारतात निवासी असलेल्याचं जगभरातलं उत्पन्न करपात्र. बराच काळ बाहेर राहून आलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळू शकतो आणि त्या काळात परदेशातलं उत्पन्न साधारणपणे मोकळं राहतं. ती मुदत संपली की कायदा विचारतो, तुमच्या अमेरिकेतल्या खात्यात यंदा किती व्याज, किती लाभांश जमला? अमेरिका म्हणते, अजून काही नाही, काढाल तेव्हा बघू.

समजा, एक बाई परत येऊन नाशिकला स्थायिक झाल्या. खात्यातल्या वाढीवर त्यांनी दहा वर्षं दरवर्षी भारतात कर भरला. अकराव्या वर्षी पैसे काढले, तेव्हा अमेरिकेनं कर घेतला. त्या भारतात म्हणाल्या, अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट द्या. उत्तर आलं, या वर्षी या रकमेवर आम्ही कर लावतच नाही, वजावट कशातून देणार? एकाच पैशावर दोनदा कर, आणि तरीही दोन्हीकडचे अधिकारी आपापल्या कायद्यानं बरोबर!

१९८९ मध्ये सही झालेला दुहेरी कर टाळण्याचा करार आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. पण त्यात पेन्शन म्हणजे ठरावीक काळानं मिळणारी रक्कम. एकरकमी उचल त्या व्याख्येत सहज बसत नाही. शिवाय करार ‘कर कुणी घ्यायचा’ याचं उत्तर देतो. इथं भांडण होतं ‘कधी घ्यायचा’ याचं.

हे भांडण सुटायला २०२१ उजाडलं. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं कलम ८९अ आणलं. अनिवासी असताना तिकडे उघडलेल्या निवृत्ती खात्याचं उत्पन्न, तो देश ज्या वर्षी कर लावतो त्याच वर्षी भारतातही करपात्र धरता येतं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश त्यासाठी जाहीर झाले. त्यासाठी ठरावीक फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो, आणि एकदा स्वीकारलेला पर्याय मागे घेता येत नाही. रॉथ खात्याचं मात्र अवघड आहे. हे कलम पैसे काढताना कर लागणाऱ्या खात्यांबद्दल बोलतं, आणि रॉथमध्ये नेमका तोच लागत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन परत आलेले लोक. कुक नावाचा एक अमेरिकन नागरिक मेक्सिकोत राहत होता, उत्पन्नही तिथलंच. १९२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नागरिक कुठंही राहो, कर लावता येतो. तो निकाल आज पुण्यातल्या पेन्शनरापर्यंत पोचतो. त्यानं इथल्या म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू केली, तर १९८६ च्या अमेरिकन करसुधारणेतला परकीय गुंतवणूक कंपन्यांचा नियम त्याला लागू होतो. करही जड, कागदपत्रंही जड. इथल्या पगारावर त्यानं तिकडची परदेशी कमाईची सूट घेतली, तर सुटीत गेलेल्या पगाराच्या आधारे आयआरएमध्ये पैसे टाकता येत नाहीत. एक सवलत दुसरीचं दार बंद करते.

हे सगळं कुणी दुष्टपणानं केलेलं नाही. प्रत्येक कायदा आपल्या घरात न्याय्य आहे. स्टुडबेकरच्या कामगारांसारख्यांना वाचवणारा कायदा चांगलाच होता. पण तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकाच गावात म्हातारा होणारा माणूस होता. दोन न्याय्य कायद्यांच्या मधल्या फटीत अन्याय राहू शकतो, आणि त्या फटीत कुणाचाच मतदार राहत नसल्यानं ती बुजायला वेळ लागतो. ४०१(के) पासून ८९अ पर्यंत त्रेचाळीस वर्षं लागली.

म्हणून परत येणाऱ्यांना माझं एकच सांगणं. विमानाचं तिकीट काढण्याआधी वर्षं मोजा. क्रेडिट किती झाली, भारतातला दर्जा कोणत्या वर्षी बदलेल, कोणतं खातं कोणत्या कलमात बसतं, हे एका वहीत लिहून काढा आणि दोन्हीकडचा कर जाणणाऱ्या माणसाला दाखवा. आपण पाठवलेली मुलं हे करत नसतील, तर आपण त्यांना फोन करून विचारावं.