घाट चढून आलेली मासळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2003 सालच्या ऑक्टोबरात माझे वडील मोठ्या दुखण्यातून उठले. तीन आठवडे मुगाचं कढण आणि मऊ भात यांवर काढलेले. तोंडाला चव नव्हती. एके सकाळी ते उठून बसले आणि म्हणाले, ‘‘मुडदुशीची आमटी मिळाली तर चार घास जेवेन.’’

मुडदुशी म्हणजे वाळूच्या तळाशी राहणारी, वाळूच्याच रंगाची, सडपातळ मासळी. कोकणात ती आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, कारण पचायला हलकी. आमचं गाव देवगड तालुक्यातलं. तिथे ही मागणी कुणी जगावेगळी मानली नसती. शेजारचं पोर किनाऱ्यावर पिटाळलं असतं आणि काम झालं असतं. पण आम्ही पुण्यात होतो. मी डबा घेऊन निघालो आणि दोन दिवसांत माशांसाठी नावाजलेली पाच हॉटेलं पालथी घातली. सगळीकडे पापलेट, सुरमई, हलवा आणि कोळंबी. एका ठिकाणचा वाढपी फार सज्जन होता. तो म्हणाला, ‘‘साहेब, फिश फिंगर देऊ का? त्यालाही काटा नसतो.’’

ते दोन दिवस मनात राहिले. ज्या शहरापासून समुद्र सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर आणि सुमारे साडेपाचशे मीटर खाली आहे, तिथे माशांची इतकी हॉटेलं मुळात आली कशी? आणि आली, तर त्यांत चारच मासे का? तेव्हापासून जमेल तसं वाचत आणि विचारत गेलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

पुण्याचा कारभार ज्यांनी हाती घेतला ते भट घराणं श्रीवर्धनचं, म्हणजे अगदी समुद्रकाठचं. 1713 साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि पुढे त्यांच्या मागोमाग कोकणातली कितीतरी कुटुंबं घाट चढून आली. त्यांच्याबरोबर नारळ आला, आमसूल आलं, पुण्याच्या आमटीत ते आजही आहे. मासळी मात्र आली नाही, कारण ही मंडळी ती खात नव्हती. पुण्याविषयी लिहिणारे बहुतेक याच पेठांतले, त्यामुळे छापील पुणं शाकाहारी झालं. प्रत्यक्षातलं पुणं तसं कधीच नव्हतं. नदीकाठी भोई जाळी टाकत होते. आणि समुद्राची मासळीसुद्धा देशावर येतच होती, फक्त वाळून येत होती. सुके बोंबील, सुकट, जवळा, सोडे, खारा बांगडा. घाटवाटांनी मीठ वर यायचं, तसाच हा मालही बैलांच्या पाठीवरून यायचा. मावळातल्या आणि त्याही पलीकडच्या दुष्काळी गावांतल्या आठवडी बाजारात बोंबलाची थप्पी दिसते, ती काही कालपरवाची गोष्ट नव्हे. ज्यांनी समुद्र जन्मात पाहिला नाही त्यांनी बाजरीच्या भाकरीबरोबर बोंबलाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली. त्यामुळे ‘पुण्यात मासे कधी आले?’ हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. ताजे मासे कधी आले, असं विचारायला हवं.

त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या, वेग आणि बर्फ. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो 1830 साली, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. पण बैलगाडीनं पुण्याला पोचेपर्यंत पापलेटाचं काय होत असेल ते सांगायला नको. बर्फाची गोष्ट तर आणखी मजेशीर. 1834 साली मुंबईच्या बंदरात अमेरिकेहून, बॉस्टनच्या बाजूच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ भुशात गुंडाळून जहाजानं आला. तो साहेबांच्या आणि शेटजींच्या पेल्यांत गेला, माशांच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. यंत्रावर केलेला बर्फ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मिळू लागला, तेव्हा कुठे तो मासळीवर टाकण्याइतका स्वस्त होत गेला.

रेल्वे त्याच्या थोडी आधी आली. 1858 साली पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली, खाली खोपोलीपर्यंत रूळ होतेच. पण मधला घाट पालखीनं, तट्टावर नाहीतर पायी उतरावा लागे. 1863 च्या एप्रिलमध्ये बोरघाटाची चढण पुरी झाली आणि मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं. बारा वर्षांनी, 1875 साली, कुलाब्याला ससून डॉक बांधला गेला. बांधला कापसाच्या व्यापारासाठी, प्रसिद्ध झाला मासळीसाठी. पहाटेचा लिलाव, बर्फ घातलेली पाटी आणि घाट चढणारी गाडी, इतकं जुळून आल्यावर ताज्या मासळीला पुणं लांब राहिलं नाही.

पण खाणारं गिऱ्हाईक कुठे होतं? ते होतं लष्करात. पेशवाई संपली आणि इंग्रजांची छावणी पडली, तिच्याभोवती पारशी, मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती अशी वस्ती वाढली. गोवेकर ख्रिस्ती तर पेशवाईतच पुण्यात होते. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ जे सिटी चर्च आहे, त्याची जागा 1792 साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशव्यांच्या पदरी असलेल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी देण्यात आली. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणजे आठवड्यातला एक वार धर्मानंच मासळीला राखून दिलेला! आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार हे सोडायचे वार. त्यांच्याकडे शुक्रवार हा घ्यायचा वार. मासळीवालीच्या दृष्टीनं यासारखी दुसरी सोय नाही.

आडगावी शहरानं समुद्र ओढून आणण्याचा प्रकार जगात दुसरीकडेही झाला आहे. स्पेनच्या राजानं, दुसऱ्या फिलिपनं, 1561 साली आपला दरबार माद्रिदला नेला. माद्रिदहून कुठलाही समुद्र तीनशे किलोमीटरच्या आत नाही. तरी खेचरांच्या तांड्यांवरून गॅलिशियाच्या किनाऱ्यावरची मासळी तिथे यायची, आणि आज तिथला घाऊक मासळीबाजार जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. फ्रान्समध्ये 1671 साली शांतियीच्या वाड्यात चौदाव्या लुईची मेजवानी होती; मासळी वेळेवर पोचत नाही असं पाहून व्यवस्था बघणाऱ्या व्हातेलनं तलवारीनं जीव दिला. मासळी मागोमाग आलीच म्हणतात. आमच्या पुण्यात मासळी न मिळाल्यानं कुणी जीव दिल्याचं ऐकलं नाही. मिळाल्यावर घरमालकांनी मात्र जीव नकोसा केल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

त्यातलं एक आमचंच. वडील 1957 साली सरकारी कचेरीत कारकून म्हणून पुण्याला आले. नारायण पेठेत एका वाड्यात खोली मिळाली. घरमालकांनी अट घातली, ‘‘रावसाहेब, भाड्याचं पुढेमागे झालं तरी चालेल, वास आलेला चालणार नाही.’’ माणूस वाईट नव्हता, पण अट म्हणजे अट. आई आणि आम्ही मुलं गावीच राहिलो. वडील आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, भवानी पेठेत रत्नागिरीकडच्या एका बाईंच्या खाणावळीत जेवायला जात. पाट टाकलेले, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, आणि दारातच बाई विचारायच्या, ‘‘आज पेडवे आहेत, चालतील ना?’’ तिथे ‘काय हवं’ असा प्रश्नच नव्हता. पहाटेच्या बाजारात जे स्वस्त आणि ताजं मिळालं ते शिजायचं.

माझं मत असं झालं आहे की आपल्याकडच्या माशांच्या हॉटेलांचा मूळपुरुष, खरं म्हणजे मूळस्त्री, ही खाणावळवाली बाई आहे. मुंबईत गिरणगावात हेच झालं. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार, दहा-दहा जण एका खोलीत, आणि त्यांना गावचं कालवण रांधून घालणाऱ्या बाया. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खाणावळवाल्यांसाठीच. ज्या माणसाला स्वतःची चूल नव्हती, किंवा चुलीवर हवं ते शिजवायची मुभा नव्हती, त्याच्या भुकेवर हा धंदा उभा राहिला.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं. वडिलांची खोली गेली, घरमालकांचा वाडाही गेला. दोघंही एकाच शाळेच्या वर्गात आठ दिवस राहिले. तिथे कुणी कुणाला काय शिजवतोस म्हणून विचारलं नाही, कारण शिजवायला काही नव्हतंच. दोन वर्षांनी सरकारी क्वार्टर मिळालं आणि आम्ही आलो. मी नऊ वर्षांचा होतो. आईनं पहिल्यांदा बांगडे तळले, तेव्हा वडिलांनी उठून खिडक्या लावून घेतल्या. आता अट घालणारं कुणी नव्हतं. ही सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

पुढचं पुण्यातल्या ऐकणाऱ्यांना ठाऊकच आहे. खाणावळीची ‘मालवणी हॉटेलं’ झाली. नळ स्टॉपजवळच्या ‘निसर्ग’चं नाव कोथरूड-एरंडवण्यात घेतलं जाऊ लागलं, म्हणजे मासळीनं लष्करातून नदी ओलांडली. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, 2002 पर्यंत द्रुतगती मार्ग झाला, आणि रात्री निघालेला टेम्पो पहाटे गणेश पेठेच्या मासळीबाजारात पोचू लागला. एरवी शाकाहारी असणाऱ्या घरांतली मुलं इथेच पहिल्यांदा सोलकढी प्यायली.

गोड्या पाण्याचा एक वेगळाच फाटा मध्येच फुटला. 1980 साली भीमेवर उजनी धरण झालं, आणि सोलापूर रस्त्यावर भिगवणला माशांची हॉटेलं उभी राहिली. तिथला चिलापी हा मुळात आफ्रिकेतला मासा, भारतात आणला गेला 1952 साली. पण भिगवणला चिलापी खाणारा माणूस तो आपल्याच नदीतला समजून खातो. खुद्द मुळा-मुठेत कोणते मासे होते याची नोंद फ्रेझर नावाच्या अभ्यासकानं 1942 साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात केली होती. ती यादी आज वाचवत नाही.

वाहतूक सुधारली तसं एक उलटंच घडलं. खाणावळीत मासळी बाजार ठरवायचा. हॉटेलात ती छापील मेनूकार्ड ठरवू लागलं. कार्डावर एकदा पापलेट छापलं की ते बाराही महिने द्यावं लागतं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तरी त्या दिवसांतही कार्ड तेच. मग शीतपेटी आली. पापलेटाला मागणी इतकी की लहान पिल्लंही जाळ्यातून सुटत नाहीत. 2023 मध्ये त्याला राज्याचा मासा जाहीर केलं, त्यामागे ही काळजी होतीच. आणि पेडवे, मुडदुशी, मांदेली, काट्याचे आणि बिनभावाचे सगळे मासे कार्डाबाहेर राहिले.

लोक मला विचारतात, मग चांगलं हॉटेल ओळखायचं कसं? मी कार्ड उघडत नाही. ‘‘आज काय आलंय?’’ एवढंच विचारतो. ‘‘सगळं आहे’’ असं उत्तर आलं की डाळ-भात मागवतो. ‘‘आज फक्त बांगडा आणि बोंबील’’ असं कुणी म्हणालं की निवांत बसतो. बोंबील ही खरी परीक्षा. त्याच्या अंगात पाणीच फार, त्यामुळे तो थांबत नाही. ज्याच्याकडे ओला बोंबील धड मिळतो, त्याची बाकीची मासळीही त्याच पहाटेची असणार. बुधवार, शुक्रवार, रविवार बरे, कारण माल खपतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ लागलं पाहिजे. सोलकढी पूडमसाल्याची असेल तर जिभेला लगेच कळतं. जून-जुलैत मी सुका जवळा खातो. आपले आजे-पणजे तेच खात होते.

तर मुडदुशी. तिसऱ्या दिवशी पहाटे मी गणेश पेठेत गेलो. दोन-तीन जणींनी नकारार्थी मान हलवली. एका म्हाताऱ्या मासळीवालीनं मात्र विचारलं, ‘‘कुणासाठी हवी, भाऊ?’’ मी सांगितलं. तिनं पाटाखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेली सात-आठ मुडदुशी काढली. घरी सून बाळंत झाली होती, तिच्यासाठी ठेवलेली. त्यातली चार मला दिली. पैसे घेतले, पण मी देत होतो त्यापेक्षा कमी घेतले.

माझ्या बायकोनं आमटी केली, वडिलांनी ताट पुढे ओढलं. खिडक्या लावायची खूण मला हातानंच केली. दोन घास खाऊन थांबले आणि म्हणाले, ‘‘ही मुंबयची. देवगडची नाय.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण बरी आसा,’’ असं म्हणत त्यांनी आणखी भात घ्यायला लावला.