टाका कधी उसवायचा, कधी ठेवायचा?



गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, शिवताना हात चुकतोच. घरच्या पांघरुणाला ते चालून जातं. पण बचत गटाची गोधडी विकायला निघाली, की चुका मोजल्या जातात आणि पैसे कापले जातात ते शिवणारणीचे. मग चूक कशाला म्हणायचं आणि ते कुणी ठरवायचं? हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका खेड्यातल्या बायकांपुढेही आला होता. त्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

अलाबामा राज्यात नदीच्या मोठ्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथले लोक कापसाच्या मळ्यावर राबवलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. १८६५ साली गुलामगिरी संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. लोक वाट्याने शेती करत आणि उधारीवर जगत. १९३२ साली उधार देणारा व्यापारी वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी गावातली जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्यसुद्धा उचलून नेलं.

अशा गावात नवं कापड कुठून येणार? बायका शेतात वापरून विटलेल्या विजारी, सदरे, पिठाच्या पिशव्या फाडून गोधड्या शिवत. वर तुकडे, मध्ये कापूस, खाली अस्तर. विजारीचा खिसा उसवला की तिथे गडद चौकोन राही, तो तसाच गोधडीत येई. तुकडा आखूड पडला तर दुसऱ्या रंगाची पट्टी जोडायची. आपण फाटक्या लुगड्याला दंड घालतो, तसंच. ओळ वाकडी गेली तर चाले, पण टाका सुटला तर चालत नसे, कारण फटींतून येणारी थंडी त्या गोधडीनेच अडवायची होती.

पुढे मतदानाच्या हक्काची चळवळ आली. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कित्येक कुटुंबांना मालकांनी जमिनीवरून हाकललं. त्याच काळात, १९६६ साली, या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही गोधड्यांची सहकारी संस्था काढली. संस्थेने जमीन घेतली आणि हाकललेल्या काही कुटुंबांना घरासाठी तुकडेही विकत दिले.

न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांकडून मागण्या येऊ लागल्या. आता माप ठरलेलं, नक्षी ठरलेली, प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच हवा. घरी जी पट्टी हौसेने जोडली जाई, ती इथे चूक ठरू लागली. १९७२ साली सिअर्स कंपनीचं उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं, जाड कॉर्डरॉय कापडाचं. बायकांनी ते मापात शिवून दिलं. उरलेल्या चिंध्या मात्र घरी नेल्या आणि त्यांच्या गोधड्या आपल्या मनासारख्या शिवल्या.

२००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या. लोकांनी वाखाणल्या त्या नेमक्या वाकड्या ओळी आणि मध्येच बदललेले रंग. २००६ साली त्यांची टपाल तिकिटंही निघाली. पण नाव झालं म्हणून दाम मिळालंच असं नाही. २००७ मध्ये काही शिवणारणींना मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं. ते दावे पुढच्या वर्षी मिटले.

अमेरिकेत अशीही एक गोष्ट सांगतात, की जुन्या बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवत, कारण निर्दोष फक्त देव. गोधड्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना याचा जुना पुरावा सापडलेला नाही. आम्हालाही ते पटत नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात शिवणारीला चूक मुद्दाम करावी लागत नाही!

या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी वेगळ्या काढतो. पहिली, कामातली खोट: टाका सुटणं, गाठ नीट न बसणं, थरांत झोळ राहणं, रंग दुसऱ्या कापडावर उतरणं. इथे माया नको. टाका उसवून पुन्हा घालायचा, आणि कापड आधीच धुऊन घ्यायचं. दुसरी, मागणीतली चूक: सांगितलेलं माप किंवा रंग चुकणं. ती गटाने भरून द्यायची, पण माप आधी कागदावर लिहून घेतलेलं असेल तरच. तिसरी, हाताचा फरक: एकीचा टाका लांब, दुसरीचा बारीक, एखादी ओळ वळलेली. याचे पैसे कापू द्यायचे नाहीत.

पुढच्या बैठकीत एक गोधडी मध्ये पसरा. तिच्यातलं काय यांपैकी कशात बसतं, ते सगळ्यांनी मिळून ठरवा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. व्यापाऱ्याशी भाव ठरवताना ती वही बरोबर न्या.